नातवंडांचा संधिवात : हाडे, ऊन आणि ड जीवनसत्त्व

सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. शाळेची घाई सुरू झालेली असते आणि सात वर्षांची नात अंथरुणातून उठायला तयार नसते. उठलीच तर भिंतीला धरून चालते, पायरी उतरताना दर वेळी तोच पाय पुढे टाकते, वेणी घालून घेताना मान वळवत नाही. दहा वाजेपर्यंत मात्र ती बरीच मोकळी होते आणि दुपारी अंगणात पळतानाही दिसते. ‘शाळेचा कंटाळा, दुसरे काय,’ असे म्हणून घरातली मंडळी विषय संपवतात.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अशी सकाळ पाहण्याची वेळ बहुधा आजी-आजोबांवरच येते. मुलगा-सून नोकरीसाठी मुंबईला किंवा पुण्याला, नातवंडे गावी, हे चित्र पाटण, जावळी, खटाव, माण, आटपाडी, शिराळा या भागांत नवे नाही. म्हणून हा लेख आपल्याला उद्देशून लिहिला आहे. स्वतःची दुखरी हाडे सांभाळताना जे आपण शिकलात, त्यातले काही नातवंडाच्या उपयोगी पडेल आणि काही मात्र त्याच्या बाबतीत पूर्णपणे विसरावे लागेल.

प्रथम हे मान्य करू या की संधिवात लहान मुलांनाही होतो. वयाच्या सोळा वर्षांच्या आत एक किंवा अधिक सांधे सुजले, ही सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकली आणि तिचे दुसरे कोणतेही कारण सापडले नाही, तर डॉक्टर त्याला बालसंधिवात म्हणतात. कागदावर बहुधा ‘जेआयए’ अशी अक्षरे लिहिलेली असतात. आपल्या गुडघ्यांची झीज आणि हा आजार यांत साम्य फक्त नावाचे. येथे शरीराची संरक्षणव्यवस्थाच चुकून सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते; सांधा झिजलेला नसतो, पेटलेला असतो. रात्रभर न हललेला सांधा सकाळी आखडतो आणि हालचालीने मोकळा होतो, हीच याची मोठी खूण. ‘वाढीच्या वेदना’ याच्या उलट वागतात : त्या संध्याकाळी किंवा रात्री येतात, बहुधा दोन्ही पायांत असतात, सूज नसते आणि सकाळी मूल ठणठणीत असते. सुजलेला गुडघा आणि सकाळचा लंगडेपणा यांना वाढीच्या वेदना म्हणून सोडून देणे, ही माझ्या मते आपल्या घरांतली सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

एकच सांधा सुजला असेल तर क्षयरोगाची शंका डॉक्टरांना घ्यावीच लागते. ताप, फिकटपणा, रात्री झोपमोड करणारी हाडांची वेदना असेल तर रक्ताच्या गंभीर आजारांचीही तपासणी होते. सांधा अचानक लाल, गरम झाला आणि मूल पायच टेकवत नसेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तेथे लेप लावून वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सांध्याचा आजार हाडात कसा उतरतो

सांधा दुखतो तर हाडांची चिंता कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येईल. हाड ही निर्जीव काठी नाही. त्यात रात्रंदिवस जुने काढणे आणि नवे भरणे चालू असते; काढणाऱ्या पेशी वेगळ्या आणि भरणाऱ्या वेगळ्या. लहानपणी भरणी काढणीहून जास्त असते, म्हणून हाड वाढते आणि घट्ट होते. आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांच्या साठ्याचा फार मोठा भाग वयाच्या अठरा-वीस वर्षांपर्यंत जमा होतो, आणि त्यातही मुलींच्या साधारण अकरा ते चौदा आणि मुलांच्या तेरा ते सोळा या वर्षांत भर सर्वाधिक पडते. कृष्णाकाठच्या वाचकांना हे उसाच्या भाषेत लगेच कळेल : लागणीच्या वेळी जे चुकले ते खोडव्यात भरून निघत नाही.

बालसंधिवात नेमका या लागणीच्या हंगामात येतो आणि चार बाजूंनी हाडांवर चालून जातो. सांध्यातील दाहातून रक्तात उतरणारी रसायने हाड काढणाऱ्या पेशींना चेतवतात. दुखते म्हणून मूल बसून राहते, आणि ज्या हाडावर वजन पडत नाही ते घट्ट होत नाही. भूक मंदावते, आहार उणा पडतो. चौथी बाजू औषधाची : स्टेरॉइड दीर्घकाळ घ्यावे लागले तर नवी भरणी मंदावते आणि आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्याचे प्रमाणही घटते. शिवाय आजारी मूल घरात राहते, म्हणून ऊनही कमी मिळते.

म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो. या मुलांच्या हाडांचे पहिले औषध म्हणजे सांध्यातील दाह आटोक्यात आणणे. बालसंधिवाताच्या मुलांमध्ये ड जीवनसत्त्व कमी आढळणे ही नेहमीची गोष्ट आहे. पण ते भरून काढल्याने संधिवात बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. ड जीवनसत्त्व कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करते, हाडांना आधार देते; संधिवाताच्या औषधाची जागा घेत नाही. ‘ड जीवनसत्त्व चालू केले, आता त्या कडक गोळ्या बंद करू,’ हा विचार मुलाला काही वर्षांत अपंगत्वाकडे नेऊ शकतो. स्टेरॉइड तर डॉक्टरांना न विचारता एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते. मेथोट्रेक्सेट हे नेहमी दिले जाणारे औषध या आजारात आठवड्यातून एकदाच द्यायचे असते, रोज नव्हे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो वार लाल शाईने रंगवून ठेवा. घरात दोघेजण औषध देणारे असतील तर हे अधिकच आवश्यक.

कोवळ्या उन्हाचा गैरसमज

सूर्य भरपूर आहे, मग आपल्याकडे ड जीवनसत्त्व कमी का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही महाराष्ट्रात विचारला गेला होता. 1922 साली हचिसन आणि शहा यांनी नाशिक भागातील मुडदुसाविषयी लिहिले. बेताचे खाणाऱ्या, पण उघड्यावर राबणाऱ्या गरीब कुटुंबांत तो फारसा नव्हता. सुखवस्तू आणि पडदा पाळणाऱ्या घरांत मात्र तो आढळत होता. ताटाहून मोठा फरक उन्हाचा होता. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या पुण्यातील एका अभ्यासातही झोपडवस्तीतील दिवसभर आत राहणारी आणि बाहेर उन्हात खेळणारी लहान मुले यांची तुलना केली गेली, आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. एकाच वस्तीत, एकाच सूर्याखाली, पण काही मुले सावलीतच वाढत होती.

आता आपल्या आवडत्या समजुतीकडे वळू. ‘सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या उन्हात बसायला सुख वाटते, आखडलेले सांधे ऊब लागून सैल होतात, हे खरेच. ड जीवनसत्त्व मात्र त्यातून फारसे मिळत नाही. ते तयार करणारे किरण सकाळच्या तिरप्या वाटेने येताना हवेतच बहुतांश अडतात. यासाठी एक सोपी खूण आहे : मुलाला अंगणात उभे करा आणि त्याची सावली पाहा. सावली त्याच्या उंचीहून आखूड असेल तर ऊन कामाचे. सातारा-सांगलीत डिसेंबरात अशी सावली साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन एवढ्याच वेळात पडते. एप्रिल-मेमध्ये ती सकाळी साडेनऊच्या सुमारासच आखूड होते. म्हणजे हिवाळ्यात शाळेची दुपारची सुट्टी उत्तम, आणि उन्हाळ्यात साडेनऊ-दहाची वेळ पुरेशी. जत किंवा माणच्या वैशाखात मुलाला भर दुपारी उन्हात उभे करण्याचे कारण नाही.

चेहरा, हात, पाय उघडे ठेवून आठवड्यातील बहुतेक दिवस अर्धा तास, खेळताना मिळालेले ऊन, एवढे ध्येय पुरे. काचेच्या खिडकीतून आलेले ऊन या कामी येत नाही. सोप्यावर काचा बसवून घेतल्या असतील तर मुलाला अंगणातच न्यावे लागेल. महाबळेश्वर, कोयना, पाटणच्या डोंगरपट्ट्यात जून ते सप्टेंबर सूर्यदर्शनच दुर्मीळ असते, तेव्हा केवळ उन्हावर विसंबू नये. संधिवाताची काही औषधे त्वचा उन्हाला हळवी करतात, म्हणून त्वचा लाल होत असेल तर डॉक्टरांना सांगा. सांधेदुखीबरोबर गालांवर लाल चट्टा उठत असेल आणि तो उन्हात वाढत असेल, तर तो वेगळाच आजार असू शकतो. त्यात ऊन घातकच ठरते.

आपली पुडी नातवाला नको

आपल्यापैकी अनेकांच्या औषधांच्या डब्यात ड जीवनसत्त्वाची पुडी किंवा कॅप्सूल असते. तिच्यावर 60,000 युनिट असे छापलेले असते. एक वर्षावरील मुलाची रोजची गरज 600 युनिट, आणि एक वर्षाखालील बाळाची 400. म्हणजे आपली एक पुडी ही नातवाची शंभर दिवसांची बेगमी झाली. कमतरता सिद्ध झाल्यावर डॉक्टर मोठी मात्रा ठरावीक आठवड्यांपुरती देतात आणि नंतर ती थांबवतात. घरी मात्र थांबवण्याचेच राहून जाते. पुडी स्वस्त, दुधात टाकायला सोपी, ‘शक्तीचीच तर आहे’ अशी भावना. मग ती महिनोन्महिने चालते. हे जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही, शरीरातील चरबीत साठते. अतिमात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढते : मूल उलट्या करते, बद्धकोष्ठ होते, सारखे पाणी पिते, लघवीला जाते, मरगळते, आणि मूत्रपिंडांना इजा होते. लाखो युनिटांची इंजेक्शने आग्रहाने टोचून घेतल्यानंतर भारतातील मुलांना अशी विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. लहानांच्या थेंबांच्या बाटल्यांतही घोळ होतो. एका कंपनीच्या एका मिलीलिटरमध्ये 400 युनिट असतात, तर दुसरीच्यात 800. बाटली बदलली की लेबल चष्मा लावून वाचावे.

तपासणीच्या अहवालाविषयीही एक धास्ती कमी करायला हवी. रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी मुलांमध्ये 20 नॅनोग्रॅमच्या वर असेल तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते ती पुरेशी. 12 ते 20 ही अपुरी आणि 12 च्या खाली ती कमतरता. प्रयोगशाळांच्या कागदावर मात्र पुष्कळदा 30 ते 100 हाच पल्ला ‘सामान्य’ म्हणून छापलेला असतो. 24 हा आकडा ठळक अक्षरांत ‘कमी’ म्हणून दिसतो आणि आजोबा थेट औषधांच्या दुकानात जातात. तो कागद आधी डॉक्टरांना दाखवा.

हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणीही अशीच. आपल्याला ‘टी स्कोअर’ ओळखीचा असतो, कारण तो आपले हाड तरुण प्रौढाच्या हाडाशी ताडून पाहतो. मुलाचे हाड अजून घडतेच आहे, त्याला तो लावला तर प्रत्येक मूल आजारी ठरेल. मुलासाठी त्याच्याच वयाच्या आणि उंचीच्या मुलांशी केलेली तुलना, म्हणजे ‘झेड स्कोअर’ पाहतात. पुण्यातील जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत खाडिलकर दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी भारतीय मुलांची हाडे मोजून असे तुलनेचे आकडे तयार केले आहेत, ही आपल्या बाजूची मोठी सोय. औषधाच्या दुकानापुढच्या शिबिरात टाच यंत्रात घालून मिळणारा आकडा मुलाच्या उपयोगाचा नाही. स्टेरॉइड चालू असलेल्या मुलाने पाठ दुखते असे सांगितले, तर मात्र ती तक्रार त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या कानावर घाला. मणका दबल्याची ती पहिली खूण असू शकते.

भाकरी कशाची

कॅल्शियमची रोजची गरज सात ते नऊ वर्षांच्या मुलाला साधारण 650 मिलिग्रॅम, दहा ते बारा वर्षांच्या मुलाला 850 आणि तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला 1000 मिलिग्रॅम आहे. आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांत भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात कॅल्शियम जेमतेम 30 मिलिग्रॅमच्या आत असते. नाचणीत तेच 350 च्या आसपास. जावळी-पाटणच्या डोंगरातील नाचणी घाटाखाली उतरून माण-जतच्या ताटात यायला हवी, असे मला फार वाटते. रोज एक भाकरी नाचणीची केली तरी फरक पडतो. मोड आणून केलेले नाचणीचे सत्त्व किंवा रात्रभर आंबवलेली आंबील असेल तर कॅल्शियम अंगी लागायला अधिक सोपे.

म्हशीचे असो वा गाईचे, 100 मिलिलिटर दुधात सुमारे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दोन पेले दूध, त्यातला एक दही किंवा ताकाच्या रूपात, ही पायाभरणी समजा. दारच्या म्हशीच्या दुधात ड जीवनसत्त्व नाममात्रच असते. पिशवीच्या दुधावर निळे ‘अधिक एफ’ चिन्ह असेल तर त्यात ते मिसळलेले असते. अंड्याच्या बलकात थोडे असते, खाणाऱ्यांनी तो काढून टाकू नये. शेवग्याचा पाला परसातच असतो, त्याची भाजी आठवड्यातून दोनदा व्हावी. तिळात कॅल्शियम मुबलक आहे, पण त्यातील काही भाग बांधलेला असल्याने पूर्ण मिळत नाही. तिळाची चटणी हवीच. दुधाला पर्याय म्हणून नको.

विश्रांती किती, हालचाल किती

दुखणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन फिरणे ही आजीची माया असते. सूज भरात असताना चार-आठ दिवस सांध्याला आराम द्यावाच. त्यानंतरही त्याला बसवून ठेवले तर सांधा आखडतो, स्नायू बारीक होतात आणि हाड पोकळ होत जाते. सकाळी कोमट पाण्याने अंघोळ, त्यानंतर फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, आणि दिवसभरात चालणे, सायकल, जमेल तेथे मोठ्यांच्या देखरेखीखाली पोहणे. सुजलेला सांधा जोराने चोळू नका, हाडे बसवणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नका.

येथे औंधची आठवण होणे साहजिक आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, संस्थानच्या शाळांत तो आणला. आजच्या साताऱ्यातील औंध आणि सांगलीतील आटपाडी त्याच संस्थानात होते, आणि त्या शाळांचा वारसा सांगणारे वाचक अजूनही भेटतात. त्यांना नातवाकडून नमस्कार घालून घ्यावेसे वाटणारच. परंतु नमस्कारात मनगटावर आणि गुडघ्यावर अंगाचे वजन येते. ते सांधे सुजलेले असतील तोवर नमस्कार नको. दाह शमल्यावर, डॉक्टरांना विचारून, दोन-चारपासून सुरुवात करता येईल. नमस्काराचे ऊन उगवतीचे असते, त्यामुळे त्यातून व्यायाम मिळेल. ड जीवनसत्त्वासाठी वर सांगितलेलीच वेळ पाहावी लागेल.

उपचारासाठी प्रथम बालरोगतज्ज्ञ. कराड, मिरज आणि सांगली येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तेथील बालरोग विभागातून गरजेप्रमाणे पुण्या-मुंबईच्या संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले जाते. शासकीय शाळांत आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. त्यांच्या यादीत ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा मुडदूस आहे, बालसंधिवाताचे वेगळे नाव नाही. त्यामुळे सकाळचा आखडलेपणा आपणच शब्दांत सांगावा लागतो, कारण पथक येते तेव्हा अकरा वाजलेले असतात आणि मूल व्यवस्थित चालत असते. सकाळच्या चालण्याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण मोबाइलवर करून ठेवलेत तर डॉक्टरांना दहा प्रश्न विचारावे लागणार नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्चाचा कोणता भाग मिळेल, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. आणि डोळे : या आजारात डोळ्याच्या आत दाह होतो, तो बहुधा लालीही आणत नाही की दुखतही नाही, आणि दृष्टी घेऊन जातो. डॉक्टर सांगतील त्या अंतराने नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, मूल कितीही चांगले दिसत असले तरी.

शेवटी एक काम, ज्याला पैसे लागत नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला मुलाला टाचा टेकवून, अनवाणी, सरळ उभे करा. डोक्यावर पाटी आडवी धरा आणि पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा. दर तीन महिन्यांनी एक रेघ. शाळकरी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. दाह पेटत राहिला किंवा स्टेरॉइड जास्त झाले तर रेघा एकमेकींच्या अगदी जवळ येऊ लागतात, बहुधा कोणतीही रक्ततपासणी करण्याआधी. पुढच्या खेपेला रुग्णालयात जाताना त्या चौकटीचा फोटो बरोबर न्या.